फटफटी घ्यावी ती कोणत्या रस्त्यासाठीं?

मनुष्याच्या कांहीं हौशी अशा असतात कीं, त्यांचें मोल केवळ पैशांत करावयास गेलें तर हिशेब जुळत नाहीं, आणि हिशेब मुळींच न करतां त्या पुरवूं गेलें तर पुढें पश्चात्ताप पदरीं येतो. स्वतःच्या मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करण्याची हौस ही याच जातीची आहे. आगगाडीचें आरक्षण नको, एस. टी.ची वाट पाहणें नको. पहांटे घराबाहेर पडावें, मनास येईल तेथें थांबावें, नदीच्या पुलावर घटकाभर उभें राहावें आणि पुन्हां मार्गस्थ व्हावें, ह्या स्वातंत्र्याची गोडी कांहीं निराळीच. ती विशींतल्या तरुणांनाच असते असें नव्हे. संसार मार्गीं लागल्यावर चाळिशीच्या गृहस्थालाहि ती खुणावूं लागते. अशा वेळीं त्याची नजर ज्या गाडीवर खिळते ती बहुधा ठेंगणी, लांबट, ऐसपैस बैठकीची व गंभीर आवाजाची असते. तिलाच बाजारांत 'क्रूझर' म्हणतात.

पनवेल शहराला लागून, गाढी नदीच्या पलीकडे वसलेल्या करंजाडे वसाहतींत अशी हौस बाळगणारीं घरें पुष्कळ आढळतील. करंजाडे हें मूळचें खेडें. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवी मुंबई वसविली, तींत त्याचें उपनगर झालें. आतां तेथें क्रमांकांनीं ओळखलीं जाणारीं सेक्टरें, बहुमजली इमारती आणि इमारतींच्या पोटाशीं वाहनें उभीं करण्याच्या जागा आहेत. डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांची ने-आण करूं लागलेला नवी मुंबईचा विमानतळ तेथून जवळच आहे. मुंबई, पुणें आणि गोवा या तिन्ही दिशांचे रस्ते तर हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माणसाला सहजच वाटतें कीं, एवढे रस्ते दाराशीं असतां घ्यावयाची तर मोठीच गाडी घ्यावी. हाच विचार नीट तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्यांत दोन गोष्टी पणास लागलेल्या असतात. एक, काटकसरीनें जमविलेली दोन लाखांच्या पुढची पुंजी. आणि दुसरी, त्या गाडीवर बसणाऱ्या दोघांचे प्राण.

प्रथम क्रूझर म्हणजे काय तें पाहूं गेल्यास, हा घाट अमेरिकेंत घडला. १९०३ सालीं मिल्वॉकी शहरांत सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या गाड्यांनीं त्याला जगभर प्रसिद्धि दिली. त्या देशांत मैलोगणती सरळ जाणारे, रुंद व सपाट रस्ते आहेत. अशा रस्त्यावर तासन् तास बसून राहावयाचें असल्यामुळें बैठक खालीं आली, पाय टेकण्याच्या दांड्या पुढें गेल्या, हँडल रुंद होऊन चालकाच्या हाताशीं आलें, आणि दोन चाकांमधील अंतर वाढलें. पुढच्या चाकाचा दांडाहि इतर मोटारसायकलींपेक्षां अधिक कलता ठेवण्यांत आला. या कलतेपणांत एक यांत्रिक मर्म आहे. दांड्याची रेषा पुढें वाढविली तर ती जमिनीला जेथें मिळते, त्या बिंदूच्या थोडें मागें टायर जमिनीस टेकलेला असतो. त्यामुळें चाक मागून ओढलें गेल्यासारखें चालतें आणि आपोआप सरळ राहूं पाहतें. इस्पितळांतील ढकलगाडीचीं लहान चाकें ढकलतांच जशीं वळून सरळ होतात, तसाच हा प्रकार. म्हणून सरळ रस्त्यावर क्रूझर स्थिर व निश्चिंत वाटते. परंतु तीच गाडी अरुंद गल्लींत वळवितांना किंवा घाटाच्या आवळ वळणावर झुकवितांना जड जाते, व पाय टेकण्याच्या दांड्या लवकर जमिनीला घासूं लागतात. एकाच रचनेचे हे गुण आणि हे दोष असल्यामुळें त्यांतील एक घेऊन दुसरा टाकतां येत नाहीं.

आपल्या देशांत मोठ्या मोटारसायकलीचें नांव निघालें कीं बुलेटची आठवण होते. तिची बांधणी मद्रास येथें १९५५ च्या सुमारास सुरू झाली. परंतु बुलेट ही सरळ पाठीनें बसावयाची जुन्या धाटणीची गाडी. ती क्रूझर नव्हे. क्रूझरची ओळख सामान्य मराठी गिऱ्हाइकाला करून देण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं पुण्याच्या बजाज ऑटोकडे जातें. जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्यानें तिनें २००१ सालीं १७५ सीसीची 'एलिमिनेटर' बाजारांत आणली, आणि तिच्याच वळणावर २००५ सालीं १८० सीसीची 'ॲव्हेंजर' काढली. रॉयल एन्फिल्डची 'थंडरबर्ड' २००२ सालची; त्याच कंपनीची ३४९ सीसीची 'मीटिअर' नोव्हेंबर २०२० मध्यें आली, आणि ६४८ सीसीची 'सुपर मीटिअर' जानेवारी २०२३ मध्यें. लांबच्या प्रवासाची 'मध्यम' क्रूझर म्हणून जी समजली जाते, ती साधारणपणें या शेवटच्या दोन गाड्यांच्या दरम्यान कोठें तरी बसते. तेव्हां या दोहोंचीच तुलना केली म्हणजे प्रश्नाचें स्वरूप स्पष्ट होतें.

सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. एंजिनच्या नळकांड्यांत दट्ट्या वर-खालीं जातांना जेवढी पोकळी मोकळी करतो, तिचें हें माप होय. ती जितकी मोठी, तितकें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण एका वेळीं अधिक जळावयाचें. पण केवळ पोकळीवरून गाडीचा स्वभाव कळत नाहीं. मीटिअरच्या एंजिनांत एकच नळकांडें असून त्याचा व्यास ७२ मिलिमीटर व दट्ट्याची फेक ८५.८ मिलिमीटर आहे. व्यासापेक्षां फेक लांब असली कीं एंजिन मंद गतीनेंच जोर धरतें. हिची सर्वांत अधिक शक्ति सुमारें २० अश्वशक्ति आहे. परंतु चाक फिरविण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरच २७ न्यूटन-मीटर इतका म्हणजे पूर्ण मिळतो. सुपर मीटिअरमध्यें दोन नळकांडीं शेजारींशेजारीं आहेत. तिची शक्ति सुमारें ४६ अश्वशक्ति आणि टॉर्क ५२.३ न्यूटन-मीटर. एका नळकांड्याच्या गाडीस वेग वाढला म्हणजे जो कंप सुटतो, तो दोन नळकांड्यांच्या गाडींत पुष्कळच कमी असतो. कागदावर पाहतां दुसरी गाडी पहिलीच्या दुपटीहून बलवान आहे, आणि दुकानांत उभा असलेला हौशी गृहस्थ नेमका याच आंकड्यानें भुलतो.

आतां ही शक्ति खर्च कोठें होते तें पाहावें. सपाट रस्त्यावर मोटारसायकलीचा मुख्य शत्रु म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. ताशीं ८० किलोमीटरचा वेग १२० वर नेला तर वेग दीडपट झाला, पण हवेसाठीं लागणारी शक्ति सव्वातीनपटीहून अधिक झाली. ढोबळ हिशेबानें ताठ बसलेल्या चालकाला घेऊन ताशीं ८० नें धावण्यास सात-आठ अश्वशक्ति पुरतात. १२० साठीं वीसच्या वर लागतात. म्हणजे ८० पर्यंत मीटिअरसारखी गाडी आपल्या निम्म्याहि शक्तीचा उपयोग न करतां चालते, आणि १२० ला ती अगदीं टेकीला येते. मोठ्या एंजिनाचा खरा फायदा ८० च्या पुढेंच दिसूं लागतो. तेव्हां साहजिकच प्रश्न उत्पन्न होतो, करंजाड्याहून निघणाऱ्या दुचाकीस्वाराला ८० च्या पुढें जावयास रस्ता कोणता?

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. करंजाड्याच्या आसपास जे दोन अत्यंत वेगवान मार्ग आहेत, ते दोन्ही मोटारसायकलींना बंद आहेत. कळंबोलीहून निघणाऱ्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. जानेवारी २०२४ मध्यें खुला झालेला, चिर्ले येथें उतरणारा सुमारें २२ किलोमीटरचा अटल सेतुहि दुचाकींसाठीं नाहीं. गाडी २०० सीसीची असो वा २,००० ची, नियम एकच. त्यामुळें मुंबईस जावयाचें तर शीव-पनवेल मार्गानें वाशीच्या पुलावरून. पुण्यास जावयाचें तर खोपोलीवरून, शिंग्रोबाच्या देवळाजवळून बोरघाट चढणाऱ्या जुन्या रस्त्यानें. आणि कोंकणांत उतरावयाचें तर पळस्प्याहून कर्नाळा, पेण, वडखळ, माणगांव, महाड असें मुंबई-गोवा महामार्गानें. शिवाय २०१८ सालच्या केंद्रीय अधिसूचनेनें मोटारसायकलींची वेगमर्यादा चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर ताशीं ८० आणि इतर बहुतेक रस्त्यांवर ६० किलोमीटर अशी ठरविली आहे. म्हणजे जी शक्ति ८० च्या पुढें उपयोगास यावयाची, तिला येथें मोकळा रस्ता नाहीं आणि कायद्याची संमतीहि नाहीं.

उरलेल्या रस्त्यांचें स्वरूपहि पाहण्यासारखें आहे. जुन्या घाटांत चढ आहे, वळणें आहेत, पावसाळ्यांत धुकें आहे. तेथें उपयोगी पडतो तो मंद गतींतला जोर, वेग नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेलकडील टप्प्याचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेण्यांत आलें आणि तें एका तपाहून अधिक काळ रेंगाळलें. त्या काळांत वळविलेले रस्ते, अर्धवट पूल आणि खड्डे यांचा अनुभव कोंकणच्या प्रत्येक प्रवाशानें घेतला. अशा रस्त्यावर क्रूझरचा एक दोष ठळक होतो. साध्या मोटारसायकलीवर पाय शरीराच्या खालीं असल्यामुळें खड्डा येतांच चालक किंचित् उठून धक्का गुडघ्यांवर झेलतो. क्रूझरवर पाय पुढें पसरलेले, उठावें कसें? तो धक्का सरळ माकडहाडावर बसतो आणि पाठीच्या कण्यांतून वर जातो. त्यांत गाडी जितकी ठेंगणी तितकी ती गतिरोधकावर घासण्याची भीति अधिक. मीटिअरचें पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच आहे, तर सुपर मीटिअरचें १३५. हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर दिसत नाहीं; मागें सहधर्मचारिणी व दोन पिशव्या घेऊन एखाद्या गांवाच्या वेशीवरील उंच गतिरोधक ओलांडतांना तो पुरेपूर कळतो.

वजनाचीहि तीच कथा. एक गाडी १९१ किलोची, दुसरी २४१ ची. हें ५० किलोंचें अंतर म्हणजे तांदुळाचें एक भरलेलें पोतें. गाडी चालू असतांना तें जाणवत नाहीं. इमारतीखालच्या अरुंद जागेंतून उताराकडे तोंड करून लावलेली गाडी पहांटेच्या वेळीं मागें ढकलून काढतांना मात्र जाणवतें. लांबच्या प्रवासाचीं वर्णनें रम्य असतात, पण मोटारसायकली पडतात त्या बहुधा उभ्या-उभ्याच, वाळूवर पाय घसरून किंवा अर्धवट वळतांना. म्हणून गाडी घेण्यापूर्वीं तिच्यावर नुसतें बसून पाहणें पुरेसें नाहीं. दोन्ही तळवे टांचेसह जमिनीला टेकतात कीं नाहीं, एंजिन बंद ठेवून ती पांच पावलें मागें नेतां येते कीं नाहीं, आणि एका रुंद रस्त्यावर पाय न टेकतां ती पूर्ण वळवितां येते कीं नाहीं, ह्या तीन साध्या कसोट्या आहेत. चौथी कसोटी मागें बसणाऱ्याची. क्रूझरवर चालकाची बैठक सिंहासनासारखी आणि मागची चतकोर, असें पुष्कळदां असतें. पत्नीला घेऊन फिरावयाचें म्हणून गाडी घ्यावयाची आणि पत्नीला मात्र ती विकत घेतल्यावर दाखवावयाची, हा उलटा व्यवहार आहे. चाचणीसाठीं निदान अर्धा तास दोघांनीं मिळून गाडीवर बसावें. पाठ दुखावयाची असेल तर ती पहिल्या दहा मिनिटांत दुखत नाहीं.

आतां पैशाचा विचार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा करांत जो फेरफार झाला, त्यानें मोटारसायकलींच्या बाजारांत ३५० सीसीवर जणूं एक कुंपण घातलें. तत्पूर्वीं ३५० पर्यंतच्या गाडीवर २८ टक्के कर होता आणि त्यावरील गाडीवर उपकरासह ३१ टक्के. आतां ३५० पर्यंत १८ टक्के आणि त्यापुढें ४० टक्के. उदाहरणार्थ, करापूर्वीं २,००,००० रुपये किमतीच्या दोन गाड्या कल्पाव्या, एक ३४९ सीसीची आणि दुसरी ३९९ ची. जुन्या दरानें पहिलीवर ५६,००० व दुसरीवर ६२,००० कर पडला असता. अंतर अवघें ६,००० रुपयांचें. नव्या दरानें पहिलीवर ३६,००० आणि दुसरीवर ८०,००० पडतात. अंतर ४४,००० वर गेलें. एवढ्यानें भागत नाहीं. महाराष्ट्रांत दुचाकीची नोंदणी करतांना जो एकरकमी वाहनकर घेतात, तोहि किमतीच्या प्रमाणांत असतो आणि एंजिन मोठें तसा त्याचा दर चढता असतो. विम्याच्या बाबतींतहि कुंपण तेंच. २०२२ सालीं ठरलेल्या दरपत्रकांत नव्या दुचाकीच्या पांच वर्षांच्या सक्तीच्या त्रयस्थ विम्याचा हप्ता १५० ते ३५० सीसीसाठीं ७,३६५ रुपये, तर ३५० च्या वर १५,११७ रुपये होता. तात्पर्य, कुंपणापलीकडची गाडी घेणाऱ्यानें केवळ गाडीची अधिक किंमत द्यावयाची नसून तिच्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक आकाराची अधिक किंमत द्यावयाची असते.

कर्ज काढून गाडी घेणाऱ्यानें आणखी एका ठिकाणीं सावध असावें. विक्रेत्याच्या मेजावर व्याजाचा दर सांगतांना पुष्कळदां 'फ्लॅट' दर सांगितला जातो. समजा, २,००,००० रुपयांचें कर्ज ३ वर्षांसाठीं ८ टक्के फ्लॅट दरानें घेतलें. व्याज ४८,००० रुपये झालें, आणि एकूण २,४८,००० रुपये ३६ हप्त्यांत वांटले म्हणजे महिना सुमारें ६,८८९ रुपये पडतात. ऐकावयास ८ टक्के स्वस्त वाटतात. परंतु मुद्दल तर दर महिन्याला फिटत असतें, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ दोन लाखांवरच धरलेलें असतें. उरलेल्या मुद्दलावर व्याज आकारण्याच्या खऱ्या रीतीनें मोजल्यास हाच दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणून दर किती असें न विचारतां, हप्ता किती, हप्ते किती आणि सर्व मिळून देणें किती, असें विचारावें, आणि उत्तर लेखी घ्यावें. गाडीच्या किमतीचें पत्रकहि कलमवार मागावें. मूळ किंमत, वाहनकर, नोंदणी, विमा व इतर साहित्य हीं कलमें वेगळीं पडलीं म्हणजे नको असलेलें साहित्य नाकारणें सोपें जातें.

जुनी गाडी घेणें हाहि एक शहाणपणाचा मार्ग आहे. कारण हौसेनें घेतलेल्या क्रूझर पुष्कळदां फारशा न धावतां विकावयास निघतात. मात्र अशा वेळीं यंत्राइतकीच कागदांची परीक्षा करावी. नोंदणीपुस्तकावरील चासी व एंजिनचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं जुळतात काय, बँकेचा बोजा उतरला आहे काय, दंडाच्या पावत्या थकलेल्या आहेत काय, विमा चालू आहे काय, हें पाहावें आणि मालकी बदलण्याचे अर्ज सही करून घेतल्यावांचून पुरी रक्कम देऊं नये. करंजाडे पनवेलच्या परिवहन कार्यालयाच्या हद्दींत येतें, आणि तेथील गाड्यांचा क्रमांक एमएच-४६ नें सुरू होतो; अन्य जिल्ह्यांतून गाडी आणावयाची झाल्यास तिच्या स्थलांतराचे कागद आधींच विचारून ठेवावे.

येथवर झाला तो पुंजीचा विचार. प्राणांचा विचार त्याहून मोठा आहे. सरकारी आंकडेवारीप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांतील सुमारें ४४.५ टक्के दुचाकींवरील होतीं. करंजाड्याच्या परिसरांत धोक्याचें एक विशेष कारण आहे. १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे जाणारीं व तेथून येणारीं अजस्र कंटेनरवाहनें ह्याच रस्त्यांवरून चालतात. अशा वाहनाच्या डाव्या अंगाला व अगदीं मागें असलेली दुचाकी त्याच्या चालकाला आरशांत दिसत नाहीं. दुचाकीस्वारानें एक नियम मनाशीं बांधावा, आपल्याला त्या वाहनाचा आरसा दिसत नसेल तर त्याच्या चालकाला आपण दिसत नाहीं.

वेग आणि थांबण्याचें अंतर यांचा संबंधहि हिशेबानेंच समजून घ्यावा. ताशीं ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर कांहीं आडवें आलें असें डोळ्यांनीं पाहून हात ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यांत गाडी २२ मीटर पुढें गेलेली असते. नंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबावयास आणखी सुमारें ३६ मीटर लागतात. एकूण झाले ५८ मीटर. ६० च्या वेगाला हेंच अंतर ३७ मीटरांच्या आसपास येतें. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा भाग जवळजवळ दुप्पट होतो. यासाठीं चाकें जाम न होऊं देणारी एबीएस ही योजना अत्यंत मोलाची आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. मात्र कांहीं गाड्यांत ती पुढच्या चाकापुरतीच असते, कांहींत दोन्ही चाकांना. कोंकणच्या पावसांत दोघांना घेऊन जाणाऱ्यानें दोन्ही चाकांची घ्यावी, आणि रंग किंवा चकाकी यांसाठीं तिच्यावर पाणी सोडूं नये.

हेल्मेटाविषयीं तर दुमत असण्याचें कारणच नाहीं. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा असें सांगतो कीं, अपघात झाल्यास हेल्मेटानें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्यानें तें मागें बसणाऱ्यालाहि आवश्यक आहे, आणि १ जून २०२१ पासून दुचाकीचीं हेल्मेटें मानक संस्थेच्या चिन्हावांचून विकण्यास बंदी आहे. गाडीच्या अंदाजपत्रकांत दोन चांगलीं हेल्मेटें, दोन जाड अंगरखे, हातमोजे व घोटा झांकणारे बूट यांची रक्कम पहिल्याच ओळींत लिहावी. ती रक्कम धरल्यावर गाडी परवडत नसेल, तर ती गाडी परवडत नाहीं असेंच समजावें.

राखणीचा खर्च आणि कष्टहि आधींच मनांत धरावे. या वर्गांतील पुष्कळ गाड्या साखळीवर चालतात. कोंकणांतील पावसाळ्यांत चिखल व पाणी साखळीचें वंगण धुवून नेतें. म्हणून दर पांचशें किलोमीटरांना, आणि भिजत प्रवास झाल्यास त्याहून लवकर, ती पुसून तिला तेल द्यावें लागतें. टायरांतील हवा महिन्यांतून दोनदां तरी पाहावी, आणि मागें माणूस बसणार असेल तर पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें ती वाढवावी. चकाकणाऱ्या धातूच्या भागांना खाडीवरची खारी हवा लवकर गंज चढविते. जी गाडी आठवड्यांतून एकदांहि पुसावयास सवड मिळणार नाहीं, तिच्या चकाकीसाठीं अधिक पैसे कां मोजावे, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मग ६५० सीसीची गाडी कोणीच घेऊं नये काय? तसें मुळींच नव्हे. पुण्याच्या पुढें सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर अशी जी महामार्गाची लांबच लांब दौड आहे, तेथें दुचाकींना मुभा आहे. आणि जो गृहस्थ वर्षांतून अनेकदां तेथून पुढें कर्नाटकांत उतरतो, त्याला ठराविक वेगानें कंपरहित चालणारें, चढावर दोघांना व सामानाला सहज ओढणारें दोन नळकांड्यांचें एंजिन दिवसअखेर कमी थकवितें. त्याचें बळ वेगासाठीं नव्हे, तर वाटेंत मालमोटार झटपट ओलांडण्यासाठीं उपयोगी पडतें. ज्याची उंची, ताकद आणि सराव ५० किलोंचा जादा भार पेलूं शकतो, ज्याच्या घरीं कराची वाढीव रक्कम बोचणार नाहीं आणि ज्याचे रस्ते खरोखरच तसे लांब आहेत, त्यानें ती अवश्य घ्यावी. परंतु ज्याचा वर्षाचा प्रवास म्हणजे रोजचें पनवेल स्थानक, चार रविवारीं लोणावळा किंवा अलिबाग, आणि गणपतींत महाड-चिपळूणकडचें गांव एवढाच आहे, त्याची सर्व गरज ३५० च्या आंतली गाडी पुरी करते. मीटिअरची टाकी १५ लिटरांची आहे. लिटरला तीस किलोमीटर धरले तरी एकदां भरून निघालेला माणूस चिपळुणास जाऊन दोनशें किलोमीटरांच्या परतवाटेस लागूं शकतो. याहून लांब, न थांबता, बसून राहणें पाठीसहि रुचत नाहीं.

म्हणून शोरूमच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं एक साधा उद्योग करावा. गेल्या वर्षीं घरांतील माणसें कोठें कोठें गेलीं, कोणत्या रस्त्यानें, कोणत्या ऋतूंत, कितीजण, याची एक यादी दोघांनीं मिळून एका कागदावर लिहावी. त्याखालीं येत्या वर्षीं खरोखर जावयाच्या ठिकाणांची भर घालावी. स्वप्नांतल्या लडाखला शेवटची ओळ द्यावी. मग त्या यादीस कोणती गाडी पुरते तें पाहावें. अंथरूण पाहून पाय पसरावे असें जें म्हणतात, तें येथें पैशापुरतेंच खरें नाहीं. येथें अंथरूण म्हणजे रस्ता आहे. पहांटे कर्नाळ्याच्या झाडींतून जातांना मिळणारा गारवा ३४९ सीसीला आणि ६४८ सीसीला सारखाच लागतो. तो अनुभवून दोघेंजण संध्याकाळीं धडधाकट घरीं परत आलीं, म्हणजे गाडीची निवड बरोबर झाली असें समजावें.